निष्कर्ष काढण्याआधी मूळ उकरा

परकीय तणांच्या जैविक नियंत्रणाला परवानगी देणाऱ्या, त्यासाठी पैसा पुरवणाऱ्या आणि त्याचा आढावा घेणाऱ्या समित्यांच्या सर्व सदस्यांना,

सविनय नमस्कार.

पत्रास कारण की, काही दिवसांपूर्वी एक मूल्यमापन अहवाल माझ्या हाती आला. त्यात एका प्रयोगाच्या जागेविषयी एवढेच म्हटले होते की, तीन हंगामांनंतरही तणाच्या दाटीत लक्षणीय फरक आढळला नाही, सबब कार्यक्रम पुढे चालू ठेवण्याची शिफारस करता येत नाही. अहवाल मेहनतीने केलेला होता. चौकटी टाकून रोपे मोजली होती, त्यांची उंची घेतली होती, फुले मोजली होती. जमिनीखाली मात्र कुणीही पाहिले नव्हते. आणि तणाला खाऊन आटोक्यात आणावे म्हणून तिथे जो सोंडकिडा सोडला होता, त्याची अळी जन्मापासून कोषापर्यंतचे सगळे आयुष्य मुळाच्या आत काढते.

त्या जागेवर मी काम केलेले आहे. अहवाल येण्याच्या आधीच्या हिवाळ्याच्या तोंडावर मी आणि माझा एक सहकारी तिथे गेलो होतो. एका रोपाभोवतीची माती खुरपीने सैल केली आणि ते मुळासकट अलगद वर काढले. वरून रोप ठणठणीत होते. पाने हिरवीगार, जमिनीसरसा पसरलेला गुच्छ, कुठे पिवळेपणा नाही. माती झटकली तेव्हा दिसले की सोटमूळ एका जागी फुगले आहे. बोटांनी दाबले तर ते आतून पोकळ लागले. सुरीने उभे चिरले. आत तपकिरी ओलसर भुसा आणि त्या भुशात वाकून बसलेली एक पांढरी अळी, डोके तेवढे तपकिरी, पाय नाहीत. मुळाचा मधला सगळा गाभा तिने पोखरला होता. बाहेरची साल कशीबशी शिल्लक होती. दुसरे रोप काढले, तेही तसेच. तिसरे निरोगी निघाले. चौथ्यात दोन अळ्या होत्या. वर चौकटीत ही चारही रोपे ‘जिवंत’ म्हणून मोजली गेली, आणि मोजणाऱ्याची त्यात काहीच चूक नव्हती. त्याला जे मोजायला सांगितले होते ते त्याने मोजले.

पुढच्या वसंतात त्या जागेवर तणनाशक फवारले गेले. रोपे गेली आणि त्यांच्यासोबत अळ्याही गेल्या. तण मात्र जमिनीतल्या बियांतून पुन्हा उगवले. त्या नव्या रोपांच्या मुळांवर आता कुणीही नाही.

मी हे पत्र तक्रार म्हणून लिहीत नाही. तुमच्यापैकी बरेच जण या कामाच्या बाजूचे आहेत, हे मला माहीत आहे. माझे मागणे एवढेच की, मुळांवर जगणाऱ्या मित्रकीटकांचे आणि सूक्ष्मजीवांचे यशापयश मुळे पाहून ठरवा, आणि ती पाहण्याची सोय परवानगीच्या कागदातच करून ठेवा. बाकी सगळे या एका मागण्याच्या अनुषंगाने आहे.

मुळांचा एवढा आग्रह का, हे आधी सांगते. बहुवर्षायू तणाचा खरा संसार जमिनीखाली असतो. पाने ही रोजची कमाई, मूळ ही ठेव. वरचा भाग कापा, जाळा, गुरांना चारा, पाने खाणारी अळी सोडा, मुळात साठा आहे तोवर ते पुन्हा फुटते, आणि पुष्कळदा एका फुटव्याच्या जागी चार फुटवे येतात. ज्याने लव्हाळा खुरपला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. गाठ जमिनीत राहिली की आठवड्यात पाते वर येते. उलट, हुमणी लागलेले पीक ज्याने हाताने उपटून पाहिले आहे, त्याला मुळावरचा घाव कसा असतो तेही ठाऊक आहे. झाड वरून उभे दिसते, आणि जरा ओढले की मुठीत येते. आपल्या पिकाच्या बाबतीत जी गोष्ट आपल्याला रडवते, तीच गोष्ट योग्य तणाच्या बाबतीत, योग्य कीटकाकडून घडवून आणायची, एवढाच हा विचार आहे.

तरीही जैविक नियंत्रणाच्या इतिहासात मुळांकडे लक्ष उशिरा गेले. याचे कारण सोपे आहे. पाने खाणारा कीटक शोधायला सोपा, वाढवायला सोपा आणि दाखवायलाही सोपा. घाणेरीचे उदाहरण घ्या. तिच्यावर १९०२ सालापासून हवाईत आणि नंतर जगभर कीटक सोडले जात आहेत. बहुतेक सगळे पाने, फुले, फळे यांवरचे. घाणेरी कोरड्या दिवसांत आपणहून पाने टाकते, मग पानांवर जगणाऱ्या कीटकांची उपासमार होते, आणि पाऊस पडला की ती पुन्हा नव्याने फुटते. तिच्या मुळांवर अळ्या वाढवणारा उडद्या भुंगेरा, लाँजिटार्सस बेथी, मेक्सिकोतून आणून दक्षिण आफ्रिकेत सोडला गेला तो २००७ साली. म्हणजे पहिल्या प्रयत्नानंतर शंभराहून अधिक वर्षांनी.

बर्न्ड ब्लॉसी आणि टॅमरू हंट-जोशी यांनी २००३ साली जमिनीखालच्या कीटकांविषयीच्या अभ्यासांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. तण-नियंत्रणासाठी सोडलेल्या आणि नव्या जागी रुजलेल्या कीटकांपैकी मुळांवर जगणाऱ्या निम्म्याहून अधिक जातींनी तण आटोक्यात आणायला हातभार लावला होता. जमिनीवरच्या भागांवर जगणाऱ्या जातींमध्ये हे प्रमाण साधारण एक तृतीयांश होते. समित्यांच्या बैठकीत हा आकडा क्वचितच ऐकू येतो. तो भिंतीवर लावावा असा आहे.

रॅगवर्टची गोष्ट मी थोडी लांबवून सांगणार आहे. वरचा कीटक आणि खालचा कीटक यांचा संबंध तिच्यात जितका स्वच्छ दिसतो तितका मला दुसरीकडे दिसलेला नाही. रॅगवर्ट हे सूर्यफुलाच्या कुळातले, पिवळ्या फुलांचे, मूळचे युरोपातले तण. त्यातल्या अल्कलॉइड नावाच्या विषारी द्रव्यांनी गुरांच्या आणि घोड्यांच्या यकृताला कायमची इजा होते. अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यात १९६० साली त्याच्यावर सिनाबार नावाचा पतंग सोडला. त्याच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या उन्हाळ्यात झाडांवर अक्षरशः तुटून पडतात. पाने फस्त, फुले फस्त, नुसत्या काड्या उभ्या. कुणाही पाहुण्याला नेऊन दाखवावे असे ते दृश्य असते. पण अळ्या कोषात गेल्या, पुन्हा पाऊस पडला, की बुडख्यातून नवे फुटवे येत, आणि त्या वेळी त्यांना खाणारे कुणी जागे नसे.

मग इटलीतून उडद्या भुंगेरा आणला, लाँजिटार्सस जॅकोबी. १९६९ साली तो कॅलिफोर्नियात सोडला आणि १९७१ साली ऑरेगॉनमध्ये. हा काही मिलिमीटरचा, फिकट तपकिरी रंगाचा किडा. हात लावायला जावे तर टुणकन उडी मारून दिसेनासा होतो. भर उन्हाळ्यात तो सुस्त पडून राहतो. थंडीआधीचा पाऊस सुरू झाला की जागा होऊन रोपाच्या बुडख्याशी अंडी घालतो, आणि त्याच्या अळ्या सबंध हिवाळा त्या कोवळ्या गुच्छांच्या मुळांत आणि देठांत काढतात. म्हणजे पतंगाची अळी जेव्हा कोषात असते, नेमक्या त्याच दिवसांत भुंगेऱ्याची अळी कामावर असते. पीटर मॅकएव्हॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे नोंदी ठेवून हे दाखवले की पतंग मुख्यतः फुलोऱ्यावर आलेल्या झाडांचे नुकसान करतो, आणि भुंगेरा फुलोऱ्यावर येण्याआधीच्या रोपांचा बळी घेतो. त्यात तिसरा भागीदार होता शेजारचे गवत. मूळ दुबळे झालेल्या रॅगवर्टला त्या गवताची स्पर्धा झेपेना. १९९१ साली त्यांनी या सगळ्याचा लेखाजोखा मांडला, तोवर भुंगेरा येऊन वीस वर्षे झाली होती. तीन हंगामांनी कुणी हिशेब बंद केला असता, तर त्यात काय दिसले असते?

हाच भुंगेरा १९८३ साली न्यूझीलंडमध्ये सोडला गेला. तिथेही त्याने चांगले काम केले, पण सगळीकडे नाही. जिथे पाऊस फारच जास्त, जमीन सतत चिंब, तिथे त्याच्या अळ्यांचा टिकाव लागला नाही, आणि त्या भागांसाठी बुडखा पोखरणारा वेगळा पतंग शोधावा लागला. या उदाहरणाने काही जण निराश होतात. मला उलट वाटते. इथे अपयशाचे कारण शोधले गेले, आणि ते मातीत सापडले.

नॅपवीडच्या गोष्टीत मोजण्याचा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. उत्तर अमेरिकेच्या कुरणांत पसरलेल्या या तणावर १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बोंडात गाठी करणाऱ्या युरोफोरा माश्या सोडल्या. बियांचे उत्पादन खूप घटले. कागदावर यश मोठे होते. पण रोपे बहुवर्षायू, जमिनीत बियांचा साठा भरपूर, त्यामुळे कुरणातली दाटी हटेना. शिवाय त्या माश्यांच्या अळ्या हिवाळाभर बोंडात राहतात, आणि ‘हरीण-उंदीर’ नावाच्या तिथल्या रानउंदरांना तो आयता खुराक मिळाला. डीन पिअर्सन आणि रॅगन कॅलवे यांनी २००६ साली दाखवले की या खुराकामुळे उंदरांची संख्या वाढली आणि माणसाला आजारी पाडणारा हंताविषाणू बाळगणारे उंदीरही वाढले. तण काबूत येत नाही, पण त्यावर पोसणारा कीटक उदंड होतो, ही अवस्था कुणालाच नको आहे. जो कीटक आपला यजमान, म्हणजे ज्यावर तो जगतो ती वनस्पती, कमी करतो, तो स्वतःही कमी होतो. मुळांवरच्या कीटकांत ही गोष्ट मला पुष्कळदा दिसली आहे.

पुढे १९८८ साली अमेरिकेत सायफोक्लिओनस ॲकेटिस हा सोंडकिडा नॅपवीडवर सोडला. करड्या ठिपक्यांचा, दीड सेंटिमीटरच्या आसपास लांबीचा, चांगला धिप्पाड किडा. त्याची अळी सोटमुळात वाढते आणि तिथे मूळ फुगते. हा किडा उडत नाही, चालत जातो. आता उडत नाही म्हटल्यावर तो एका वर्षात किती दूर जाईल याचा विचार करा. सोडलेल्या जागेपासून काही पावलांवर मोजणीची चौकट टाकली तर तिथे तो पोचलेलाच नसतो! जिम स्टोरी आणि सहकाऱ्यांनी पश्चिम मोंटानातल्या दोन जागांच्या दशकभराहून अधिक काळाच्या नोंदी २००६ साली प्रसिद्ध केल्या. या किड्याची संख्या वाढल्यावर एका जागी नॅपवीड जवळपास नाहीसे झाले होते, दुसऱ्या जागी ते मोठ्या प्रमाणात घटले होते. हे घडायला एक दशक लागले, आणि त्यातली पहिली काही वर्षे वरून पाहणाऱ्याला काहीच घडत नाही असे वाटले असणार.

लीफी स्पर्जविषयी थोडक्यात. एरंडाच्या कुळातले हे तण, चीक असलेले, गुरे त्याला तोंड लावत नाहीत, मुळे साडेचार मीटरपेक्षाही खोल जातात. ॲफथोना गटातल्या उडद्या भुंगेऱ्यांनी उघड्या, कोरड्या, उन्हाच्या माळांवर त्याला जमीनदोस्त केले. त्यांच्या अळ्या आधी केसासारखी तंतुमुळे खातात, मग जाड मुळांकडे वळतात. सावलीत आणि नदीकाठच्या ओलसर जागी मात्र ते फारसे चालले नाहीत. या तणावर काम करताना अँथनी सीझर यांना आणखी एक गोष्ट आढळली, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली ती सर्वांत महत्त्वाची आहे. अळीने केलेल्या जखमांतून फ्युसेरियम आणि रायझोक्टोनियासारख्या मातीतल्या बुरशी मुळात शिरतात, आणि अळी व बुरशी मिळून जे नुकसान करतात ते दोघांच्या स्वतंत्र कामाच्या बेरजेपेक्षा मोठे असते. मर रोग पाहिलेल्या माणसाला याचे नवल वाटणार नाही. पण मंजुरीसाठी येणाऱ्या प्रस्तावांत कीटक एका कप्प्यात आणि बुरशी दुसऱ्या कप्प्यात असते. कीटकतज्ज्ञ वेगळ्या दालनात बसतात, रोगतज्ज्ञ वेगळ्या. मुळात मात्र ते दोघे शेजारी शेजारी असतात. ज्या मातीत भुंगेरा चालला नाही, तिथे कदाचित भुंगेरा अपुरा नसेल, जोडीची बुरशी नसेल. हे कळण्यासाठीसुद्धा मूळ उकरावे लागते, चिरावे लागते, आणि त्याचा तुकडा प्रयोगशाळेत बुरशीसाठी लावून पाहावा लागतो.

सूक्ष्मजीवांबद्दल मी जरा सावध आहे. १९८१ साली अमेरिकेत ‘डिव्हाइन’ नावाचे उत्पादन नोंदले गेले. फ्लोरिडातल्या लिंबूवर्गीय बागांवर चढणाऱ्या एका वेलीसाठी ते होते, आणि त्यात फायटोप्थोरा पामिव्होरा हा मुळे आणि बुडखा कुजवणारा, बुरशीसारखा जीव होता. त्याने वेल मारली, आणि इतकी नीट मारली की एकदा वापरल्यावर तो जमिनीत टिकून राही व पुढची काही वर्षे पुन्हा विकत घ्यायची गरज पडत नसे. धंद्याच्या दृष्टीने हे वाईट. निसर्गाच्या दृष्टीने मात्र त्याला दोन बाजू आहेत. जमिनीत टिकणारा जीव वर्षानुवर्षे काम करतो हे खरे, पण तो नको झाला तरी काढून घेता येत नाही हेही तितकेच खरे. याच कुळातल्या जाती लिंबूवर्गीय झाडांना डिंक्या रोग आणतात, म्हणून अशा जीवाच्या वाणाची ओळख आणि त्याचे यजमान यांची खात्री करण्यात जराही ढिलाई परवडणार नाही.

दुसरे उदाहरण स्युडोमोनास फ्लुरोसन्सच्या डी-७ या वाणाचे. चीटग्रास नावाच्या गवताची मुळे खुंटवणारा जिवाणू म्हणून त्याच्याकडून फार आशा होत्या. प्रयोगशाळेत त्याने मुळांची वाढ रोखली होती. नंतर अमेरिकेच्या पश्चिम भागात वेगवेगळ्या ठिकाणी झालेल्या शेतचाचण्यांत मात्र त्याचा परिणाम दिसला नाही. काचेच्या बशीतले मूळ आणि मातीतले मूळ यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. ज्यांनी या चाचण्या करून नकारात्मक निकाल प्रसिद्ध केले, त्यांचे मला मनापासून आभार मानावेसे वाटतात. अशा निकालांना कुणी टाळ्या वाजवत नाही, पण त्यांच्यामुळे पुढची कितीतरी वर्षे आणि कितीतरी पैसा वाचतो.

माझ्या बाजूला न जाणारा आणखी एक पुरावा आहे, आणि तो लपवणे मला बरे वाटत नाही. १९९९ साली कॅलवे आणि सहकाऱ्यांनी नॅपवीडच्या मुळात राहणाऱ्या अगापेटा झोएगाना या पतंगाचा प्रयोग प्रसिद्ध केला. मूळ थोडेसे खाल्लेल्या नॅपवीडने शेजारच्या स्थानिक गवताला उलट जास्त त्रास दिला. म्हणजे हलका घाव काही वेळा तणाला चेव आणतो. म्हणून अळी ‘आहे’ की ‘नाही’ एवढी नोंद पुरत नाही. दर मुळात किती, मूळ किती पोखरले गेले, शेजारी काय उगवते आहे, हेही लिहायला हवे.

आता सुरक्षिततेकडे येते. वर वेळ मागितला, म्हणून कुणी असा अर्थ काढू नये की मी चाचण्यांत सूट मागते आहे. तिथे माझा आग्रह उलटा आहे. ऱ्हायनोसिलस कोनिकस हा काटेरी तणांच्या बोंडांतला सोंडकिडा १९६०च्या दशकाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेत सोडला गेला. त्याचे यजमान अनेक आहेत हे आधीच्या चाचण्यांत दिसले होते, पण त्या काळी स्थानिक काटेरी वनस्पतींची कुणाला फारशी किंमत वाटली नाही. १९९७ साली स्वाटा लाउडा आणि सहकाऱ्यांनी तो स्थानिक वनस्पतींच्या बोंडांत वाढताना दाखवला. ही चूक जमिनीच्या वर होती म्हणून दिसली तरी. मुळात घडली असती तर किती वर्षांनी कळली असती, याचा विचार करून मला खरोखर भीती वाटते.

मुळांवरच्या जीवाची चाचणी कठीण असते, हे तुम्हाला प्रस्तावांतून कळतच असेल. ए. जे. वॉप्शीअर यांनी १९७४ साली मांडलेल्या पद्धतीप्रमाणे तणाच्या जवळच्या नातलग वनस्पतींपासून सुरुवात करून हळूहळू दूरच्या नातलगांपर्यंत जायचे. पानावरचा कीटक असेल तर बंद डबीत पान ठेवून निम्मे उत्तर मिळते. मुळावरच्या कीटकासाठी प्रत्येक वनस्पती कुंडीत रुजवून, तिचे मूळ पुरेसे जाड होईपर्यंत वाट पाहून, अळी सोडून, महिन्यांनी कुंडी रिकामी करून, एकेक मूळ चिरून पाहावे लागते. मूळ चिरले की ते रोप संपले, पुन्हा तपासता येत नाही. म्हणून खर्च जास्त, वेळ जास्त. हा खर्च कापून जेव्हा प्रस्ताव ‘आटोपशीर’ केला जातो, तेव्हा कृपया तो परत पाठवा.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. हाउंड्सटंग या तणासाठी मोगुलोनस क्रुसिफर हा मुळाचा माथा पोखरणारा सोंडकिडा कॅनडाने १९९७ साली सोडला. त्याच कुळातल्या दुर्मीळ स्थानिक वनस्पतींच्या काळजीपोटी अमेरिकेने त्याला परवानगी दिली नाही. पुढे तो किडा सरहद्द ओलांडून अमेरिकेत सापडला. किड्याला नकाशा वाचता येत नाही. आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखालचे २००५ साली सुधारलेले आयएसपीएम-३ हे मानक आयात आणि सोडण्याआधीच्या तपासणीविषयी सांगते, आणि सोडल्यानंतरच्या पाहणीविषयीही सांगते. त्यातला पहिला भाग समित्या मन लावून पाळतात. दुसऱ्या भागासाठी पैसे उरत नाहीत.

आणि ज्यांचे पोट त्या तणावर आहे, त्यांचे काय? ऑस्ट्रेलियात एकियम प्लांटाजिनियम या जांभळ्या फुलांच्या तणाला गुरे पाळणारे ‘पॅटरसनचा शाप’ म्हणत, आणि काही भागांत तेच ‘साल्व्हेशन जेन’ म्हणून ओळखले जाई, कारण मधमाश्यांना त्याचा भरपूर मकरंद मिळे. १९८० साली मधपाळ आणि काही पशुपालक कोर्टात गेले आणि जैविक नियंत्रण थांबले. त्या वादातून ऑस्ट्रेलियाने १९८४ साली जैविक नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा केला, चौकशी झाली, फायद्या-तोट्याचा हिशेब उघड मांडला गेला, आणि मग काम पुन्हा सुरू झाले. नंतर तिथे बुडखा आणि मूळ पोखरणारे सोंडकिडे आणि मुळांवरचा उडद्या असे कीटक सोडले गेले. काही वर्षे गेली, ती फुकट गेली असे मी म्हणणार नाही. ज्यांना विचारले गेले त्यांचा विरोध नंतर मावळला नसेल, पण त्यांना अंधारात ठेवले असे कुणी म्हणू शकले नाही. मूळ पोखरणारा किडा एकदा रुजला की कोणत्याही कोर्टाच्या हुकमाने परत येत नाही, त्यामुळे विचारायचे ते आधीच विचारावे लागते.

म्हणून तुमच्याकडे माझी विनंती अशी आहे. मुळांवर जगणारा कोणताही जीव सोडायला परवानगी देताना, दर वर्षी किती रोपे मुळासकट काढायची, कोणत्या महिन्यात काढायची आणि त्यात काय पाहायचे, हे परवानगीच्या अटींतच लिहा, आणि त्याचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरा. नंतर जोडलेला खर्च पहिल्याच कात्रीत जातो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. निकालाची मुदत कीटकाच्या आयुष्यावरून ठरवा. लूझस्ट्राइफ या तणावरच्या हायलोबियस सोंडकिड्याची अळी एकाच मुळात एक ते दोन वर्षे काढते. त्याच्या दोन पिढ्या व्हायच्या आत त्याला नापास करणे म्हणजे पी हळद आणि हो गोरी. माझ्या मते पहिला ठाम निकाल दहा वर्षांच्या आत देऊच नये. मधल्या काळात कीटक रुजला का, पसरतो आहे का, एवढेच विचारावे.

सोडलेल्या जागेला संरक्षण हवे, आणि यासाठी पैशांपेक्षा एका फोनची गरज जास्त असते. नांगर, खोल मशागत, चुकीच्या महिन्यातली फवारणी यांनी मुळातली पिढी एका दिवसात संपते. फवारणी आणि भुंगेरा यांचे वैर असलेच पाहिजे असे नाही. लीफी स्पर्जवर रॉडनी लिम यांनी केलेल्या कामात हंगामाअखेरची फवारणी आणि उडद्या भुंगेरे एकमेकांना पूरक ठरले. प्रश्न महिन्याचा आहे. पण ज्या खात्याने कीटक सोडले त्याने फवारणी करणाऱ्या खात्याला ती जागा कळवलेलीच नसते. आमच्या जागेवर नेमके हेच झाले. खुंटी होती, पाटी होती, पण फवारणीला आलेल्या मुलांना ती कशाची हे कुणी सांगितलेले नव्हते. त्यांचा यात काय दोष?

आणि अपयश आले तर तेही छापा. कोणती माती, किती पाऊस, किती कीटक, मुळात काय आढळले, हे सगळे त्यात असू द्या. न्यूझीलंडमधल्या चिंब जमिनींचा धडा असाच मिळाला.

एक शेवटची विनंती वैयक्तिक आहे. ज्या जागेचा अहवाल पाहून मी हे पत्र लिहायला बसले, तिच्या कडेला फवारणीतून सुटलेली एक पट्टी आहे, दगडांच्या मागे. तिथे जुनी रोपे अजून उभी आहेत. तिथल्या मुळांत अळ्या आहेत की नाहीत, हे मला आज सांगता येणार नाही. तुमची पुढची आढावा बैठक पानगळीनंतर आहे असे कळते. त्याआधी ती पट्टी नांगरू नये, एवढी सूचना आजच द्या, आणि बैठकीत मला अर्धा तास द्या. त्या पट्टीतली दहा रोपे मातीच्या गोळ्यासकट घेऊन येईन, एक पांढरा ट्रे आणि सुरी आणेन. मुळे मी चिरणार नाही. तुम्हीच चिरा, आणि आत जे निघेल ते इतिवृत्तात लिहा.

आपली नम्र,
तणांच्या मुळांवर काम करणारी एक कीटकशास्त्रज्ञ